शेठ वालचंद हिराचंद आणि विमानदुरुस्तीची विद्या

ज्यांनी आगगाडीच्या रुळांखालील मातीकामाचे कंत्राट घेऊन आपल्या कर्तृत्वास आरंभ केला आणि पुढे आगबोट, विमान व मोटार ही तिन्ही वाहने हिंदुस्थानातच तयार व्हावीत म्हणून जन्मभर देह झिजवला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेले असते. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. परंतु नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या नावामागील माणूस ठाऊक असणे वेगळे.

त्यांचे चरित्र येथे सांगण्यास आणखी एक कारण आहे. बेळगाव-धारवाडकडील कितीतरी घरांतील मुले सैन्यात आणि वायुदलात जातात. त्यांपैकी काहींच्या हाती बंदुकीपेक्षा पाना आणि पेचकसच अधिक काळ असतो. विमानाची किंवा हेलिकॉप्टरची देखभाल करण्यात त्यांची उमेदीची वर्षे सरतात, आणि मग घरी वडीलधारी मंडळी विचारू लागतात की ही विद्या गणवेश उतरल्यावर कोणत्या कामी येणार? हा प्रश्न पोटाचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वालचंदांच्या आयुष्यात युद्धाच्या सामग्रीला शांततेच्या कामी लावण्याचे प्रसंग एकाहून अधिक आले. त्या प्रसंगांकडे नीट पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती लागते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे गुजराती जैन व्यापाऱ्यांचे, परंतु पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात रुजलेले. सोलापुरात शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले, पण पदवी त्यांना मिळाली नाही. घरच्या व्यापारात लक्ष घातले, तर तेथेही प्रारंभी तोटाच पदरी आला. धान्याच्या आणि कापसाच्या उलाढालीत आपले मन रमत नाही हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. ज्या कामातून डोळ्यांना दिसेल असे काही उभे राहते, त्याचीच त्यांना ओढ होती.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. नोकरीत असताना रेल्वेचे काम कसे चालते, हिशेब कसे मांडतात, कोणत्या कामास किती माणूस आणि किती दिवस लागतात, याचे बारीक ज्ञान त्यांनी मिळवले होते. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांपाशी घरचे भांडवल आणि जिद्द होती, ज्ञान नव्हते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे काम घेतले. येथेच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फाटकांनी नोकरी सोडली तेव्हा तिच्यात मिळवलेले ज्ञान त्यांच्या सोबतच आले. रेल्वेने त्यांना दिलेला पगार कधीच खर्च झाला असेल, पण रेल्वेने शिकवलेले काम त्यांना नव्या व्यवसायाचे भांडवल म्हणून उपयोगी पडले. आपले अळणावर हे रेल्वेचे जंक्शन, एकीकडे हुबळी, दुसरीकडे लोंडा आणि तिसरा फाटा दांडेलीच्या रानाकडे. रेल्वेत सेवा करून निवृत्त झालेली माणसे येथे घरोघर आहेत. त्यांना फाटकांचे हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे वालचंदांची कंत्राटे मोठी होत गेली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या नळांचे काम, अशी अवघड कामे त्यांच्या कंपनीने पार पाडली. परंतु त्यांचे नाव देशभर झाले ते एका जहाजामुळे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांपाशी ‘लॉयल्टी’ नावाची एक आगबोट होती. मूळची ती प्रशांत महासागरात उतारूंची ने-आण करणारी. युद्धकाळात शिंदे सरकारांनी ती घेऊन तिचे इस्पितळ बनवले आणि जखमी सैनिकांची तीवर शुश्रूषा होऊ लागली. युद्ध संपताच इस्पितळाची गरज उरली नाही. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई शामळदास यांच्या साह्याने ती विकत घेतली, आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा जन्म झाला. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. हिंदी मालकीची बोट परदेशाच्या सागरी मार्गावर उतारू घेऊन निघाली, हीच त्या काळी मोठी घटना होती. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तथापि यातील व्यवहाराची बाजूही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावी. इस्पितळाची बोट एका रात्रीत उतारूंची बोट होत नाही. तिच्या खोल्या बदलाव्या लागतात, यंत्रे तपासावी लागतात, परवाने काढावे लागतात. शिवाय आधीपासून त्या समुद्रावर राज्य करणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला नामोहरम करण्याचा प्रयत्न केला. बोट जुनी होती आणि खर्चिक होती. काही वर्षांतच, १९२३ साली, ती मोडीत काढावी लागली. कंपनी मात्र टिकली. पहिले जहाज गेले, पण ते चालवताना आलेला अनुभव आणि मिळालेली पत यांवर पुढची जहाजे आली. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद या कंपनीचे अध्यक्ष होते.

विमानाच्या उद्योगाकडे ते वळले तो योग अकल्पित होता. १९३९ साली मोटारींचा कारखाना काढण्याच्या वाटाघाटींसाठी ते अमेरिकेस गेले होते. परतताना प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी ओळख झाली. पॉली हे चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार वालचंदांच्या मनात शिरला आणि त्याने घर केले. इंग्रज सरकारने प्रथम फारशी आस्था दाखवली नाही. परंतु १९४० साली युरोपात फ्रान्सचा पाडाव झाल्यावर परिस्थिती पालटली. म्हैसूर संस्थानाने आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी नोंदवली गेली. अमेरिकेतून यंत्रे आली, थोडे अमेरिकन तंत्रज्ञ आले आणि आपल्याकडील तरुणांना हाताशी धरून काम सुरू झाले. १९४१ साली तेथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान आकाशात झेपावले. हार्लो या जातीचे ते छोटे विमान होते. पाठोपाठ कर्टिस हॉक हे लढाऊ विमान सिद्ध झाले.

आणि येथेच वालचंदांच्या आयुष्यातील मोठ्या निराशेचा प्रसंग आला. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या, युद्ध दाराशी आले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. त्याच महिन्यात विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बाँब टाकले. तेथे आदल्याच वर्षी वालचंदांनी जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला होता. एखादा दुबळ्या मनाचा मनुष्य अशा वेळी सर्व सोडून घरी बसला असता. वालचंदांनी विशाखापट्टणमचे काम सोडले नाही. तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९४४ साली कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाईल्स हा मोटारींचा कारखानाही त्यांनी काढला.

बंगळूरच्या कारखान्याचे पुढे काय झाले, हा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. सरकारकडे गेल्यावर तेथे नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडले आणि १९४३ पासून अमेरिकन वायुसेनेच्या देखरेखीखाली दुरुस्तीचे काम मुख्य झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आणि पूर्वेच्या डोंगरांवरून उडणारी बाँबफेकी विमाने, मालवाहू डाकोटा विमाने, तसेच पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमाने तेथे येत. ती सर्वस्वी खोलून, भाग तपासून, झिजलेले भाग बदलून आणि पुन्हा जोडून परत पाठवली जात. हजारो हिंदी कामगारांनी येथे हे काम शिकून घेतले. विमान कसे बांधावे याचे ज्ञान थोड्यांना असते. पण विमान कोठे झिजते, कोणता भाग आधी दगा देतो आणि तो ओळखावा कसा, हे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्याच्याच बोटांत येते.

युद्ध संपले आणि काम आटले. इतक्या कसबी माणसांचे करायचे काय, असा प्रश्न कारखान्यापुढे उभा राहिला. याचे उत्तर तीन वाटांनी मिळाले. पहिली वाट प्रवासी विमानांची. युद्धातून शिल्लक राहिलेल्या डाकोटा विमानांची दुरुस्ती करून ती नागरी वाहतुकीच्या कंपन्यांना उपयोगी पडतील अशी करण्यात आली. दुसरी वाट रेल्वेची. पत्रा कापणे, वाकवणे आणि रिव्हेटने बिनचूक जोडणे हे विमानाच्या अंगाचे काम. तेच हात रेल्वेचे पोलादी डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे बांधू लागले. डब्यांचा हा विभाग पुढे १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या कंपनीकडे गेला. तिसरी वाट पुन्हा वायुदलाकडे नेणारी होती. मित्रराष्ट्रांच्या सैन्याने जाताना कानपूर येथे लिबरेटर जातीची प्रचंड बाँबफेकी विमाने टाकून दिली होती, आणि ती कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली होती. बंगळूरच्या कारागिरांनी त्यांतील चाळीसच्या आसपास विमाने आधी उडण्याजोगी करून बंगळूरला आणली आणि तेथे ती संपूर्णपणे दुरुस्त केली. १९४८ साली भारतीय वायुदलात लिबरेटर विमानांचे पथक उभे राहिले, ते या दुरुस्तीच्या बळावर. ती विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती.

याच कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली एच.टी.-२ हे शिकाऊ विमान येथेच आरेखित होऊन १९५१ साली उडाले. ते उडालेले वालचंदांच्या हयातीतच होते. १९४९ साली त्यांना पक्षाघात झाला, १९५० मध्ये ते सर्व उद्योगांतून निवृत्त झाले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. अखेरच्या काळात त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली.

हेलिकॉप्टरचे युग वालचंदांनी पाहिले नाही. परंतु त्यांनी पाया घातलेल्या कारखान्यातच ते अवतरले. १९६२ साली फ्रान्सशी करार होऊन ‘चेतक’ हेलिकॉप्टर येथे बनू लागले. मागाहून ‘चीता’ आले, आणि हिमालयातील अत्युच्च ठाण्यांवर औषधे व अन्न पोहोचवू लागले. १९६४ साली कंपनीचे रूपांतर हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाले. १९९२ साली आपल्याच आरेखनाचे ‘ध्रुव’ प्रथम उडाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला.

हेलिकॉप्टरची देखभाल ही फार जबाबदारीची विद्या आहे. साध्या विमानाचे इंजिन बंद पडले तरी पंखांच्या आधाराने ते काही अंतर तरंगत जाते. हेलिकॉप्टरचा सारा भार डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांवर, त्यांना धरणाऱ्या आसावर आणि इंजिनाची गती कमी करून त्या आसाला देणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीवर असतो. इंजिन थांबले तर फिरत्या पात्यांच्या आधाराने कुशल चालक ते खाली उतरवू शकतो. परंतु तो आस किंवा ती पेटीच मोडली तर उपाय उरत नाही. म्हणून अशा भागांचे आयुष्य तासांनी मोजतात. नेमून दिलेले तास भरले की भाग कितीही चांगला दिसो, तो काढावाच लागतो. प्रत्येक पेच किती जोराने आवळायचा ते ठरलेले असते. काम संपल्यावर हत्यारे मोजून घेतात, कारण आत विसरलेला एक पाना कित्येकांच्या प्राणांशी गाठ घालतो. आणि केलेले प्रत्येक काम नोंदवहीत लिहून त्याखाली सही करावी लागते. ती सही म्हणजे या यंत्रात बसणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी होय.

अशी शिस्त ज्याच्या अंगी बाणली, त्याला नागरी जगात स्थान नाही असे कसे होईल? समुद्रातील मुंबई हायच्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण हेलिकॉप्टरनेच होते. त्यासाठीच मुख्यतः १९८५ साली स्थापन झालेली पवन हंस ही कंपनी आणि इतर खाजगी कंपन्या आहेत. केदारनाथासारख्या यात्रांची उड्डाणे आहेत. दुरुस्तीच्या कर्मशाळा व शिकवणाऱ्या संस्था आहेत. विमानाखेरीजही वीजनिर्मितीची जनित्रे, पवनचक्क्या, मोठ्या इमारतींतील उद्वाहने, छपाईची आणि औषधांच्या कारखान्यांतील यंत्रे, जेथे जेथे फिरते यंत्र न थांबता चालावे लागते, तेथे तेथे देखभालीची शिस्त अंगी असलेला मनुष्य हवा असतो. साखर कारखान्यांची यंत्रे बांधणाऱ्या वालचंदनगरने पुढे अग्निबाणांची कवचे बांधली, हे आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण डोळ्यांपुढे आहे.

परंतु विद्यार्थ्यांना अर्धेच सत्य सांगणे योग्य नव्हे. आपल्या देशात नागरी हेलिकॉप्टरे सैन्याच्या मानाने थोडी आहेत, म्हणून सैन्यातून येणाऱ्या प्रत्येकास हेलिकॉप्टरवरच काम मिळेल असे नाही. शिवाय सैन्यातील अनुभव कितीही मोठा असला, तरी नागरी विमान दुरुस्त करून त्यावर सही करण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होत नाही. त्यासाठी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याच्या परीक्षा असतात, टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरसाठी परवान्याचा वर्ग निराळा असतो, आणि नागरी कर्मशाळेतील काही काळाचा अनुभवही दाखवावा लागतो. इस्पितळाच्या बोटीस उतारूंची बोट होण्यापूर्वी जे करावे लागले, तेच येथे माणसास करावे लागते.

म्हणून जे मुलगे आणि मुली ही वाट धरू इच्छितात, त्यांनी तयारी शाळेपासूनच केली पाहिजे. वायुसैनिकांचे प्राथमिक शिक्षण होते ते सांबऱ्याचे विद्यालय बेळगावनजीकच आहे. लोंड्यावरून गेले तर ते आपणांस दूर नाही. तेथे प्रवेश मिळवण्यास गणित, पदार्थविज्ञान आणि इंग्रजी हे विषय पक्के लागतात. इंग्रजीची आवश्यकता केवळ परीक्षेपुरती नाही; यंत्राची सर्व माहितीपुस्तके त्या भाषेत असतात, आणि एक शब्द चुकीचा समजला तर एक पेच चुकीचा बसतो. सेवेत असताना प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि केलेल्या कामाचा दाखला जपून ठेवावा, परवान्याच्या परीक्षांची चौकशी सेवा संपण्याच्या बरीच वर्षे आधी करावी. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतील थोड्यांनाच पुढे कायम सेवा मिळते. तेव्हा ही दूरदृष्टी आता पूर्वीपेक्षाही अधिक आवश्यक झाली आहे.

वालचंदांच्या हातून विमानांचा कारखाना गेला. जहाजबांधणीचा कारखानाही कालांतराने सरकारचा झाला. मालकीच्या दृष्टीने पाहिले तर त्यांनी पुष्कळ गमावले. पण ज्या हजारो हातांना त्या कारखान्यांत काम शिकायला मिळाले, त्यांचे कसब कोणत्याही सरकारी हुकुमाने परत घेता आले नाही. तेच हात युद्धात विमाने दुरुस्त करीत होते, शांततेत रेल्वेचे डबे बांधीत होते, आणि त्यांनी शिकवलेल्या पिढ्यांनी हेलिकॉप्टरे घडवली. कारखाना काढणारा एकटाच असतो. त्याचे कार्य पुढे नेणारे मात्र पाना हाती धरणारे, नोंदवहीत प्रामाणिकपणे सही करणारे अनेक असतात. आपल्या शाळेतील मुलामुलींनी त्या अनेकांत आपले नाव घालावे, आणि ते घालताना गणवेश उतरल्यानंतरचीही वीस-पंचवीस वर्षे दृष्टीपुढे ठेवावीत, एवढेच या थोर पुरुषाच्या स्मरणाने सांगावेसे वाटते.